उजवी खिडकी, पंखाच्या पुढे

कुंदा,

तू जाऊन आज सतरा दिवस झाले. तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. सात वर्षं राहून गेली आहे. एका घरात राहून, एका टेबलावर जेवून, रोज सकाळी तुझ्या चहात दीड चमचा साखर घालूनही ती माझ्या तोंडातून बाहेर पडली नाही. आता ऐकायला तू नाहीस आणि मला सांगायचं धैर्य आलं आहे. यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही.

हे वाचणार आहेत माझी नातवंडं, ईशा आणि नील. मँचेस्टरला मिलिंद त्यांना वाचून दाखवेल, अडेल तिथे समजावेल. त्यामुळे तुला पाठ असलेल्या काही गोष्टीही मला लिहाव्या लागतील. "ताई, मुद्द्यावर ये," असं म्हणू नकोस.

मुलांना आधी हे कळलं पाहिजे, की विमानात कुठे बसावं हे अख्ख्या वसईला सांगणारी त्यांची कुंदाआजी वयाची अठ्ठावन्न वर्षं उलटेपर्यंत स्वतः विमानात बसली नव्हती.

स्टेशनसमोरच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या ट्रॅव्हल ऑफिसात तुझं टेबल होतं. समोर गल्फला निघालेले वेल्डर, प्लंबर, नर्सेस, आणि हातात नातवंडांच्या फोटोंचं पाकीट घेऊन आलेले माझ्यासारखे म्हातारे. तिकीट देताना तू त्याच्या कव्हरवर पेन्सिलीने लिहून द्यायचीस: जाताना उजवी खिडकी, पंखाच्या पुढे, येताना डावी. विमान समुद्रावर झेप घेतं आणि उत्तरेकडे वळतं, तेव्हा किनारा उजव्या हाताला येतो. पाच-सात मिनिटं वसई खाली असते, मग संपतं. तेवढ्या पाच-सात मिनिटांसाठी तू माणसांशी भांडायचीस.

"काउंटरवर तोंड उघडून मागा. नाही मागितलीत तर मधली देतील, मग बसा दोघांच्या कोपरांमध्ये."

"मॅडम, पंखावरची मिळाली तर?"

"तर पत्रा बघा. पत्राच बघायचा तर आमच्या सोसायटीच्या सायकलींच्या शेडखाली बसा, फुकट."

पंखाच्या मागे बसलं तर इंजिनाची गरम हवा आडवी येते आणि खालची जमीन थरथरताना दिसते, हे तुला ठाऊक होतं. काही ओळींना खिडकीच्या जागी नुसती भिंत असते, हेही. डिसेंबरात सकाळी धुकं असतं, दसरा-दिवाळीच्या मधले दिवस सगळ्यात स्वच्छ. गोव्याला जाताना डावीकडे बसायचं. दिल्लीहून काठमांडूला जाणाऱ्यांनीही डावीकडेच, हिमालय तिकडे असतो. सकाळच्या विमानात उजवीकडे ऊन डोळ्यांवर येतं, पण त्याच उन्हामुळे मिठागरं एकामागून एक पेटत जातात, तेव्हा तक्रार करायची नाही.

हे सगळं तू माणसांकडून मिळवलं होतंस. तुझी एकच अट असायची. परत आल्यावर काय दिसलं ते येऊन सांगायचं. लोक खजूर आणायचे, साबण आणायचे, ते तू बाजूला ठेवायचीस आणि लांबडी वही उघडायचीस. "आधी सांगा, काय दिसलं?" एक जण म्हणाला होता, "काय दिसणार मॅडम, घर सोडून चाललो होतो, डोळे भरले होते." तू म्हणालीस, "मग पुढच्या वेळी पुसा आणि बघा."

त्या वह्यांत वरून दिसणारी वसई होती. खाडी आणि तिच्यावरचे रेल्वेचे पूल, किल्ल्याची तटबंदी, केळीच्या वाड्या, मिठागरांच्या चौकटी, अर्नाळ्याचं बेट. मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, नकाशावर काठी ठेवून. तुझ्या वह्या पाहिल्या की मला थोडा हेवा वाटायचा, आणि तो लपवण्यासाठी मी त्यांतल्या इंग्रजी नावांची स्पेलिंगं दुरुस्त करायचे.

आता मुद्द्यावर येते.

अठ्ठ्याण्णव साली ईशाच्या जन्माच्या वेळी मी पहिल्यांदा मँचेस्टरला गेले. तुझे भावोजी जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि तू नुकतीच माझ्याकडे राहायला आली होतीस. तिकिटाच्या कव्हरवर तू लिहिलंस, खाली दोन रेघा ओढल्यास. "ताई, तू माझी घरची माणूस आहेस. तुझं बघणं मला पक्कं मिळेल. बाकीचे अर्धं बघतात, अर्धं बोलतात."

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "खिडकी की कडेची?"

आणि मी म्हणाले, "कडेची."

माझे गुडघे, दर दोन तासांनी उठायची गरज, शेजाऱ्यांना "एक्स्क्यूज मी" म्हणायचा संकोच. कारणं खरीच होती. विमान उडालं तेव्हा मी मधल्या रांगेत कडेला, ये-जा करायच्या वाटेलगत बसून समोरच्या खिशातलं सुरक्षेचं कार्ड वाचत होते. खिडकी माझ्यापासून चार माणसं लांब होती. मी वसई पाहिलीच नाही. येतानाही नाही.

चार महिन्यांनी परत आले. तू बॅगसुद्धा उचलू दिली नाहीस. वही टेबलावर उघडीच होती, पेन्सिलीला टोक केलेलं होतं. "सांग."

तुझा तो चेहरा बघून मला "मी कडेची सीट घेतली" असं म्हणता आलं नाही. तुझ्या वह्या वाचून बाकीचं मला पाठच होतं, ते मी सांगितलं. खाडी, पूल, तटबंदी. तू लिहीत होतीस, पण तुझी निराशा मला दिसत होती. हे तुला शंभर जणांनी सांगितलेलं होतं. मग मी, जिने आयुष्यात हजेरीपटावर एक खोटी खूण केली नाही, ती म्हणाले, "आणि मिठागरांच्या मधोमध एक काळं चौकोनी तळं आहे. सगळीकडे पांढरं आणि त्यात ते एकच काळं. एका बाजूला पायऱ्या आहेत. पायरीवर एक बाई बसून लुगडं धूत होती."

तुझी पेन्सिल थांबली. "बाई दिसली? एवढ्या उंचीवरून?"

"दिसली."

"मग?"

"मग तिने वर बघितलं."

तू ते जसंच्या तसं लिहिलंस. तारीख घातलीस, विमानाची वेळ घातलीस. माझं नाव लिहिलंस.

मुलांना हेही सांगायला हवं, की आमची आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि कुंदा दीड वर्षाची. आईचा फोटो कुणी काढला नव्हता. आमच्या कोकणातल्या गावी देवळामागे काळ्या दगडाच्या पायऱ्यांचं तळं होतं आणि आई तिथे धुणं घेऊन जायची. मी वरच्या पायरीवर तुला मांडीवर घेऊन बसायचे. तू मोठी झाल्यावर कितीदा विचारलंस, "ताई, आई कशी दिसायची गं?" आणि मी दर वेळी म्हणत आले, "तुझ्यासारखीच." त्यापलीकडे माझ्याने बोलवत नसे. इतक्या वर्षांत मी तुला तळ्याबद्दल कधी सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवशी, थाप मारायची म्हणून तोंड उघडलं, तर बाहेर ते तळं आलं. मी ते ठरवून आणलं नव्हतं, एवढं तरी मान.

तिथेच संपलं असतं.

दोनेक महिन्यांनी तू ऑफिसातून आलीस आणि चपला काढायच्या आधीच म्हणालीस, "ताई, अजून एकाला दिसलं. काळं तळं."

मी म्हणाले, "तूच विचारलं असशील, काळं तळं दिसलं का म्हणून."

"विचारलं. मग?"

"मग तो काय नाही म्हणणार? त्याला तुला खूश करायचं होतं. माणसाच्या तोंडात उत्तर घालून मग ते त्याच्याकडून ऐकायचं, याला बघणं म्हणत नाहीत, कुंदा."

तू चपला काढल्यास, नीट जागेवर ठेवल्यास आणि म्हणालीस, "आणि तुझ्या तोंडात कुणी घातलं?"

हा आपला वाद मिटला नाही. त्यानंतर पुष्कळ वेळा सुरू झाला आणि दर वेळी याच वाक्याशी थांबला. त्याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं असतं. सोपं होतं. नुसतं "मी खोटं बोलले" एवढंच.

तिसरा माणूस आला, चौथा आला. मी हट्ट धरला, की यापुढे तू फक्त "काय दिसलं" एवढंच विचारायचं, आणि मी समोर बसणार. तू कबूल झालीस. पुढच्याच रविवारी आचोळ्याची ती नर्स घरी आली होती, शुभांगी, कुवेतला जायची ती. तू वही उघडलीस, "काय दिसलं" एवढंच विचारलंस आणि ओठ मिटून बसलीस. तिने खाडी सांगितली, होड्या सांगितल्या, मिठागरं म्हणजे धुतलेल्या फरशा वाटतात म्हणाली. मी तुझ्याकडे विजयाने बघितलं. तेवढ्यात ती हसली.

"आणि एक गंमतच दिसली, बाई. तुम्ही हसाल. एक काळं चौकोनी पाणी होतं आणि पायऱ्यांवर कुणीतरी बाई धुणं धूत होती. विमानाकडे बघून तिने असं केलं."

तिने डावा हात उचलला आणि उलटा, मागच्या बाजूने, कपाळावर धरला.

कुंदा, आई असंच करायची. हात ओले असायचे, म्हणून तळवा न लावता उलटा हात धरायची. डावा, कारण उजव्या हातात धुणं बडवायचं धोपाटणं असायचं. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. वहीत लिहिलेलं नव्हतं. या जगात ते माहीत असलेली मी एकटी उरले होते.

मी उठून आत गेले. दूध गॅसवर ठेवलं आणि ते उतू गेलेलं मला कळलं नाही. तू बाहेरून ओरडलीस, "ताई, वास येतोय!" शुभांगी गेल्यावर तू विचारलंस, "आता काय म्हणणं आहे?" मी म्हणाले, "उंचावर गेलं की डोळे फसवतात. त्याला शास्त्रीय कारणं आहेत." तू म्हणालीस, "बरं."

मग आपण ते तळं शोधायला गेलो. तुझा हट्ट. उन्हाळ्याच्या तोंडाला, रिक्षा करून, नायगावच्या बाजूच्या मिठागरांवर. बांधावरून चालताना तू पुढे आणि मी मागे, डोळे उघडवत नव्हते एवढं पांढरं. तिथला मुकादम डोक्याला फडकं बांधून मिठाच्या ढिगाशेजारी उभा होता. तू विचारलंस, इथे कुठे गोड्या पाण्याचं तळं आहे का, पायऱ्यांचं.

"गोडं पानी? हितं?" तो हसला. "बाय, हितं चिमनीपन पानी प्यायला येत नाय. आनि पायऱ्या कोन बांधील? मिठात दगड टिकत नाय."

मी तुझ्याकडे बघितलं. झालं समाधान, असं म्हणणार होते.

"पन तुमी तिसरं मानूस विचारनारं," तो म्हणाला. "एक पोरगी आलती, नर्स हाय म्हनाली. आनि एक दाढीवाला. दोगंपन असंच उभं राहून बघत व्हते."

"तुम्हाला काही दिसलंय का कधी?" तू विचारलंस.

"दिसत काय नाय." त्याने पायाने मीठ सारखं केलं. "सकाळचं विमान गेलं का कदीमदी धपधप येतं ऐकू. आमी म्हनतो पंप असंल."

पंप बंद होता. मी विचारलं नाही, पण मला दिसत होतं. त्याचा पट्टा काढून ठेवलेला होता.

परतताना रिक्षात तू माझा हात धरलास. तुला भीती वाटत नव्हती, हे मला तुझ्या हातावरून कळलं. भीती मला वाटत होती, आणि ती भुताची नव्हती. मी एक गोष्ट बनवली होती आणि ती आता माझ्या ताब्यात नव्हती. शिवाय तू ती जपत होतीस, एखादं मूल जपावं तशी. रात्री जेवताना तू सहज विचारलंस, "ताई, त्या बाईचं तोंड कसं होतं? तू तर सगळ्यांच्या आधी बघितलंस." मी म्हणाले, "नीट दिसलं नाही."

आणखी वर्षं गेली. तू नोकरी सोडलीस आणि मिलिंदने आपल्या दोघींची तिकिटं काढली. मुलांनो, तेव्हा तुमची कुंदाआजी आठवडाभर झोपली नाही. पन्नास वेळा बॅग भरून काढली. तिला मँचेस्टर बघायचं नव्हतं, खरं सांगते. तुम्हाला बघायचं होतं, आणि त्याआधी पाच-सात मिनिटं खाली बघायचं होतं.

आदल्या दिवशी मी ठरवलं होतं, की सांगायचं. तू खिडकीला डोळे लावणार, खाली नुसती मिठागरं असणार, आणि तुला वाटणार की आपल्यालाच दिसलं नाही, आपणच कमी पडलो. हे मला सहन होणार नव्हतं. मी तुझ्या खोलीच्या दारात आले. तू इस्त्री केलेली फिकट निळी साडी खुर्चीवर पसरून ठेवत होतीस. "ही नेसते," म्हणालीस. "वरून ओळखू यायला हवी." मी म्हणाले, "कुणाला ओळखू यायला हवी?" तू हसलीस फक्त. मी परत गेले.

काउंटरवर तू स्वतः मागून घेतलीस. उजवीकडची, पंखाच्या पुढची. शेजारची माझी. विमान धावायला लागलं, तेव्हा तू रुमालाने काच पुसलीस. समुद्र आला, विमान वळलं, ऊन आत आलं. तू कपाळ काचेला टेकवलंस. मला तुझा फक्त अंबाडा आणि मान दिसत होती. तू हळू आवाजात नावं घेत होतीस. खाडी. पूल. किल्ला. शंभर जणांनी सांगितलेलं सगळं तू आता एकेक करून भेटत होतीस. मग तू गप्प झालीस.

मी डोळे मिटले. ही गोष्ट तुला ठाऊक नाही. मी डोळे घट्ट मिटून बसले होते, दोन्ही हातांनी पट्टा धरून.

"ताई, बघ."

मी मिटलेल्या डोळ्यांनी तुझ्या खांद्यावरून वाकले.

"दिसली?"

"दिसली," मी म्हणाले. दुसऱ्यांदा.

मग म्हणालीस, आणि तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, "अगं, किती लहान आहे ती! आपल्या मुलीसारखी."

आई गेली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. ती बाई आई आहे, असं मी तुला एका शब्दाने कधी म्हटलं नव्हतं.

मी डोळे उघडले तेव्हा बाहेर नुसतं पाणी होतं. तू मागे टेकलीस, डोळे पुसलेस आणि एअर होस्टेसकडे दोन संत्र्याचे ज्यूस मागितलेस. पुढचे पाच महिने मँचेस्टरला तू इतकी आनंदात होतीस, की मिलिंद मला म्हणाला, "मावशी एकदम तरुण झालीय." त्या दिवसाबद्दल आपण एकदाही बोललो नाही. तुला वाटत होतं, आपण दोघींनी एकत्र पाहिलं, मग बोलायचं काय? आणि मी त्या तुझ्या समजुतीत पाहुण्यासारखी राहिले, पुढचे दहा महिने, दवाखान्यातल्या शेवटच्या दुपारपर्यंत. तेव्हाही तू म्हणालीस, "बरं झालं ना ताई, आपण दोघी होतो." मी म्हणाले, "हो गं."

तीन वेळा झालं हे. मोजलं आहे मी.

तुझ्या साड्या परवा बाहेर काढल्या, शेजारच्या मुलींना द्यायला. त्यांत ती फिकट निळी होती. आल्यावर तू ती धुऊन, इस्त्री करून ठेवली होतीस, माझ्यासमोर. तिच्या काठाला, खालून वीतभर, पांढरी रेघ धरली होती. पाण्यात उभं राहून वाळल्यावर धरते तशी. बोटाने खरवडली आणि जिभेवर ठेवली, खारट लागली. वसईच्या दमट हवेत कपाटातल्या कपड्यांना काहीही होऊ शकतं, असं मी स्वतःला म्हणाले. ती साडी मी दिली नाही.

आणि बाराव्या दिवशी डॉमनिक आला. तुझा तो वेल्डर, गिरीजचा, दोन वर्षांनी सुट्टीवर आलेला. त्याला काही माहीत नव्हतं. दार उघडल्या उघडल्या म्हणाला, "कुंदाबाईंना बोलवा, रिपोर्ट आणलाय." मग भिंतीवरचा तुझा हार घातलेला फोटो त्याला दिसला. खजुराचा डबा त्याने फोटोखाली ठेवला. "मी दर वेळी यायचो ना," एवढंच म्हणाला. "चर्चमध्ये मिस्सा सांगतो त्यांच्या नावाने."

मी त्याला बसवलं. चहा केला. तो निघायला लागला, तेव्हा मी काय केलं माहीत आहे? कपाटातून तुझी वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि समोर बसले.

"काय दिसलं, डॉमनिक?"

तो गोंधळला, मग सावरून बसला. येताना डावी खिडकी, पंखाच्या पुढे. दोन दिवसांपूर्वी, सकाळी. अर्नाळा दिसला, वाड्या दिसल्या, त्यांच्या चर्चचा मनोरा दिसला. मी लिहीत गेले. मिठागरं दिसली.

"आणि ते तळं," तो म्हणाला. "मागच्या दोन्ही वेळेला मी सांगितलं होतं त्यांना. लिहिलं असेल बघा."

"लिहिलंय. या वेळी?"

"तळं आहे. पायऱ्या आहेत. पण कुणी नव्हतं."

"धुणं?"

"काहीच नाही. कोरड्या होत्या पायऱ्या. म्हणजे, एवढ्या वरून कोरडं-ओलं कसं कळणार, पण कळलं. आणि पाणी काळं नव्हतं. साधं होतं, आभाळ पडल्यासारखं." त्याने माझ्याकडे बघितलं. "चुकीचं सांगितलं का मी?"

"नाही," मी म्हणाले. "बरोबर सांगितलंत."

तो गेल्यावर मी वहीसमोर अंधार पडेपर्यंत बसून राहिले. त्या बाईला तिथे मी बसवलं होतं, कुंदा. एका कडेच्या सीटची लाज वाटली म्हणून. खाऱ्या पाण्याच्या मधोमध, एकटीला, सहा-सात वर्षं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक विमानाकडे बघत. ती कुणाची वाट बघत होती, ते मला कळायला हवं होतं. तू निळी साडी नेसून तिच्यावरून गेलीस, तिला ओळखलंस. आणि दहा महिन्यांनी जाऊन तिला उठवलंस. आपण दोघी होतो, असं तू म्हणालीस, तेव्हा मला वाटलं होतं, तू माझ्याबद्दल बोलते आहेस, आईबद्दल नाही.

रागावली असलीस तर रागव. पण रागावलेली तू मला आठवत नाहीस. आठवतं ते हे, की तू दुसऱ्यांच्या डोळ्यांनी बघून सगळी वही भरलीस आणि त्यात कुणाच्याही बघण्यावर कधी शंका घेतली नाहीस. माझ्यावरही नाही. तो विश्वास मी खाल्ला, आणि तोच मला आईपर्यंत घेऊन गेला. याला आभार म्हणावं की कबुली, मला कळत नाही. दोन्ही समज.

मी वहीतल्या माझ्या पानावर गेले. तुझ्या अक्षरातलं एक अक्षर खोडलं नाही. खाली तारीख घालून लिहिलं: "वरील मजकूर खोटा आहे. मी कडेच्या सीटवर बसले होते." आणि सही केली.

काल मिलिंदचा फोन आला. येत्या शुक्रवारचं सकाळचं तिकीट आहे. आई, आता तिथे एकटी राहू नकोस, म्हणाला. मग विचारलं, "नेहमीसारखी कडेची सांगू ना? तुझे गुडघे..."

मी म्हणाले, "खिडकीची सांग."

मागून ईशाचा आवाज आला, "आजी, तू आलीस की मी विचारणार हं, काय दिसलं. कुंदाआजीने मला शिकवलंय."

मी तिला कबूल केलं आहे, की जे दिसेल तेच सांगेन. ढग असतील तर ढग. पायऱ्या रिकाम्या असतील तर रिकाम्या. त्या रिकाम्या असाव्यात, असं मला दिवसा वाटतं. पण अजून एक माणूस त्यांच्यावर बसायचं राहिलं आहे, असंही वाटतं, आणि ते वाटलं की मी घरातले सगळे दिवे लावते.

शुक्रवारी मी काच पुसून बसेन. तू तिथे असलीस तर एवढंच कर. मला हाक मारू नकोस, मुलं वाट बघत आहेत. नुसती वर बघ. या वेळी माझे डोळे उघडे असतील.

— ताई